कुणाची गं तू?

नीळकंठेश्वरा, पाय दुखतायत. आधी तेच तुला सांगते, कारण हे दुखणं मला हवं होतं. आज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही चौघं गावात हिंडलो. ज्या गावाचं नाव इतकी वर्षं मी नुसतं मनात वागवलं, त्याची धूळ आज पोटऱ्यांपर्यंत चढली. मुलं पाय न धुता तशीच झोपली. मी उठवलं नाही. एक रात्र राहू दे ती माती त्यांच्या पायांना.

आम्हाला इथं येऊन तीन आठवडे झाले. खोकी अजून पुरती उघडली नाहीत. बँकेत यांची बदली झाली, कागदावर ‘किल्लारी’ लिहिलेलं यांनी मला वाचून दाखवलं आणि वर बघेचनात. म्हणाले, नको असेल तर अर्ज करतो. मी म्हटलं, नको, जाऊ. तेव्हा माझ्या आवाजात जे बळ होतं ते माझं नव्हतं. ते तूच दिलं असशील. पण गेले तीन आठवडे मी घराबाहेर फारशी पडले नाही हेही तू बघितलंस. भाजी हेच आणत होते. मी पडदे शिवत होते, डबे पुसत होते, आणि खिडकीतून दिसणाऱ्या सरळसोट रस्त्याकडे बघत होते. स्वतःच्या गावात वाट विचारावी लागेल याची मला लाज वाटत होती.

आधी माझी एक चूक तुझ्या पायाशी ठेवते, म्हणजे पुढचं बोलायला मन मोकळं होईल.

मी नऊ वर्षांची होते. १९९३ सालची अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव रात्री उशिरा झोपलं होतं. आम्ही पोरं काकूच्या छपरात खेळता खेळता तिथंच लवंडलो. छप्पर पाचटाचं होतं, हलकं. घरावर माळवद होतं, दीड-दोन फूट मातीचं, पिढ्यान्‌पिढ्या दर पावसाळ्याआधी नवी माती ओढून जड केलेलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी जमीन हलली तेव्हा पाचट आमच्या अंगावर नुसतं सरकलं आणि माळवद माय, अप्पा आणि पाळण्यातल्या भावावर बसलं. एवढंच सांगते. पुढचं तू बघितलंस.

मग पुण्याजवळ वाघोलीला आम्हा बाराशे लेकरांना नेलं. शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेच्या लोकांनी आम्हाला जेवू घातलं, शिकवलं. देवा, त्यांचं तू सदैव भलं कर. तिथं कुणी कुणाला गाव विचारत नसे, कारण सगळे भूकंपाच्याच गावांतले होते. पण वसतिगृहातून बाहेर पडले, कॉलेजात गेले, आणि प्रश्न सुरू झाला: “गाव कुठलं?” मी ‘किल्लारी’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. हात खांद्यावर यायचा. “अरेरे” यायचं. मग मी कुणाची, काय शिकते, मला काय आवडतं, हे कुणाला विचारावंसं वाटायचं नाही. ‘लातूरची’ म्हणून बघितलं, तर इंग्रजी पुस्तकांत त्या भूकंपाचंच नाव लातूर. शेवटी मी ‘औसा तालुक्यातली’ म्हणायला लागले. खोटं नव्हतं ते. पण वीस वर्षं मी माझ्या गावाचं नाव गिळलं, महादेवा. तू विष गिळलंस आणि गळ्यात उघडं मिरवलंस. मी नुसतं एक नाव गिळलं, तेही लपवून. मला क्षमा कर.

आज काकू सकाळीच आली. सत्तरी उलटली, पण चाल तीच. दारातूनच ओरडली, “तीन हप्ते झाले, घरात बसून काय करायलीस? चल, तुला गाव दावते.” आधी तिनं आम्हाला तिच्या घरी नेलं, देवापुढं हात जोडायला. तिच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक आहे, तू ओळखतोस तो. ढिगाऱ्यातून निघाला तेव्हा मधोमध दुमडला होता. सोनारानं किती वेळा म्हटलं, सरळ करून देतो. काकूनं करू दिला नाही. थोरलीनं विचारलं, आजी, हा वाकडा कसा? काकू म्हणाली, “देव काय त्या रातीला वर बसून बघायलता व्हय गं? त्योबी आमच्यासंगं खाली दबला. त्याला लागलं त्ये दिसू दे की.”

देवा, इतकी वर्षं मी तुला एकच प्रश्न विचारत आले, हे तुला माहीत आहे. वाघोलीच्या आभाळाखाली विचारला, लग्नाच्या आदल्या रात्री विचारला, थोरली जन्मली तेव्हा दवाखान्यात पडल्या पडल्या विचारला. उत्तर तू दिलं नाहीस. आज काकूनं दिलं, चहाला आधण ठेवता ठेवता. मी तो वाकलेला टाक तळहातावर घेतला. गार होता. मी तुला इतकी वर्षं वर शोधत राहिले. मायच्या शेजारी तू होतास, एवढं मला कळलं असतं तर मी तुझ्याशी इतकं भांडले नसते.

काकूचं घर साडेचारशे फुटांच्या ओळीत आहे. मुलांना ते नवल वाटलं, घरांना फुटांवरून ओळखायचं. मी सांगितलं: पुनर्वसनात सरकारनं जमिनीवरून घरं दिली. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला साडेचारशे, त्याहून जास्तीच्याला साडेसातशे. हिशेब सरळ होता, भांडण नको म्हणून केलेला. पण जुन्या गावात एका बोळात नांदणारी तीन घरं त्यामुळं तीन टोकांना गेली. काकूची जीवाची मैत्रीण अडीचशेच्या ओळीत पडली, गावाच्या पार त्या अंगाला. काकू म्हणते, पहिल्या वर्षी मीठ मागायला जायचं तर चप्पल घालावी लागायची, आणि चप्पल घालून मीठ मागायला जाणं तिला कसंतरीच वाटायचं.

धाकटा आठ वर्षांचा आहे, पुण्यात वाढलेला. रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाला, “आई, हे रस्ते पट्टीनं काढलेत का?”

हो रे राजा, पट्टीनंच काढलेत. आणि देवा, ज्यांनी ती पट्टी धरली त्यांच्यासाठी मी आज पहिल्यांदा मनापासून हात जोडते. जुन्या गावचे बोळ मला अजून पाठ आहेत. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला ढाळजेत घुसावं लागायचं. मला ते बोळ आवडायचे, सावली असायची त्यांत. पण त्या पहाटे दोन्ही बाजूंच्या दगडमातीच्या भिंती त्याच बोळात कोसळल्या, बोळ भरून गेले, आणि माणसं आत हाका मारत असताना बाहेरच्यांना पोचता येईना. म्हणून नवं गाव ऐसपैस आखलं. भिंत पडली तरी रस्ता उरावा, इतकं रुंद. बावन्न गावं अशी उठून नव्या जागी वसली. मी लहानपणी या रुंदीचा राग केला. आल्यागेल्यावेळी एसटीतून उतरायची, काकूच्या ओट्यावर चहा घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायची. हे गाव नाही, ही छावणी आहे, असं म्हणायची. मला काय ठाऊक होतं? ज्यांनी हे आखलं त्यांनी माझ्या मायचा विचार करून आखलं होतं.

मग पेठ आली.

देवा, ही पेठ तू बघितलीस का अलीकडे? एकदा चालून बघ तिच्यातून. नकाशावर ती सरळ रेघ असेल, पण आता पायांना ती सरळ लागत नाही. कुणी ओट्यापुढं पत्रा ओढलाय, कुणी पत्र्यापुढं बाकडं टाकलंय, बाकड्यापुढं हातगाडा, हातगाड्यापुढं मोटरसायकली. त्या सगळ्यांना वळसा घालत जाताना रस्त्याला आपोआप बाक आला आहे. पुनर्वसनात लावलेल्या लिंबांच्या फांद्या आता विजेच्या तारांना भिडल्यात, आणि लिंबाखाली पार नसला तरी चार म्हातारे आहेत. पार कधीतरी होईलच. तीस वर्षं माणसांनी वापरून वापरून गाव मऊ केलंय, घोंगडी करतात तसं. कुणी तक्रार करत असेल की अतिक्रमण वाढलं, गर्दी झाली. असेल. मला मात्र तिथं उभं राहून रडू आलं. छावणीचं गाव झालं होतं, आणि मी बघायला नव्हते.

पेरणीचे दिवस आहेत. खताच्या दुकानापुढं सोयाबीनच्या पिशव्यांची थप्पी आणि माणसांची ही गर्दी. कुणी बियाण्याच्या पिशवीवरची तारीख वाचून घेतंय, कुणी उधारीची वही उघडायला लावतंय. मृग कोरडाच चाललाय. सगळे बोलता बोलता एकदा मान वर करून आभाळ बघतात आणि बोलणं पुढं नेतात. यांनाही ती सवय तासाभरात लागली. नीळकंठेश्वरा, मी माझ्यासाठी मागायच्या आधी हे मागते: पाऊस दे. चांगला वाफसा होईल इतका दे. पेरल्यावर दडी मारू नकोस. ज्यांनी व्याजानं पैसे काढून पिशव्या नेल्या त्यांना दुबार पेरणीची पाळी आणू नकोस. ही जमीन काळी आहे, तुझ्याकडं तोंड करून बसली आहे. एकदा ती हलली म्हणून आम्ही तिला सोडलं नाही. गावठाण, पांढर तेवढी बदलली. काळी तीच आहे, तिथंच आहे, आणि लोक अजून तिच्यातच घाम गाळतात. हे तू लक्षात घे.

एका हॉटेलात बसलो. सुशीला मागवला. मुलांनी तो पोह्यांसारखा असेल म्हणून तोंडात टाकला आणि एकमेकांकडं बघितलं. भिजवलेले मुरमुरे, वर शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, लिंबू. माझ्या मायच्या हातचा असाच असायचा असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि गप्प झाले, कारण मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, देवा. मी जे आठवते ते किती खरं आणि किती मी नंतर रचलेलं, हे मला आता वेगळं करता येत नाही. मायचा एकही फोटो नाही. बळदात ठेवलेल्या ट्रंकेत एक होता म्हणतात. सवण्यातून येणाऱ्या उन्हाचा कवडसा जमिनीवर कुठं पडायचा ते मला बोटावर सांगता येतं, पण मायचं नाक कसं होतं ते सांगता येत नाही. ही एक गोष्ट मला कायम बोचत आली. म्हणून पुढं जे झालं त्याबद्दल तुझे आभार कसे मानू ते मला समजत नाही.

थोरलीला बांगड्या घ्यायच्या होत्या. पुण्यात तिनं कधी हातात काही घातलं नाही, इथं वर्गातल्या मुलींच्या हातात बघून तिला वाटलं असेल. पेठेच्या एका कोपऱ्याला कासारणीचं दुकान आहे. दुकान कसलं, ओट्यावर पत्रा, दोरीला लावलेले बांगड्यांचे तोडे, आणि खाली पोत्यावर बसलेली एक म्हातारी, काकूहून थोडी मोठी. काकू मागं हातगाड्यापाशी कुणाशी तरी बोलत राहिली होती. थोरलीला भरून झाल्या. म्हातारी मला म्हणाली, “तुझा मोकळाच व्हय? आन हिकडं.” मी नको म्हणता म्हणता हात पुढं केला. तिनं अंगठा आत दाबून माझा पंजा चुरला, बोटं एकत्र केली, बांगडी नुसती पेरांवर चढवून बघितली आणि थांबली.

“कुणाची गं तू?”

देवा, हा प्रश्न. ‘गाव कुठलं’ नाही, ‘कुठून आलात’ नाही. कुणाची. तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. शहरात हे विचारत नाहीत, विचारलं तर माणसाला राग येतो. मी अप्पांचं नाव सांगितलं. माझ्या तोंडून ते आधी घोगरं निघालं, म्हणून पुन्हा सांगितलं.

म्हातारीनं माझा हात सोडला नाही. डोळे मिटले. मी वाट बघत होते त्या ‘अरेरे’ची. सवयीनं मी खांदा थोडा मागं घेतलाही होता. पण ती म्हणाली, “तुझ्या मायचा हात सव्वादोनचा. हाडपेर बारीक, पन अंगठा ताठ. लई कळ काढावी लागायची भरताना. तुझाबी तसाच.” आणि तिनं दोरीवरच्या हिरव्या बांगड्यांतला सव्वादोनचा जोड काढला, थुंकी न लावता, तेल न लावता, एक एक करून माझ्या हातावर चढवला. अंगठ्यापाशी आलं की दोघी दम धरायचो. पाच या हाताला, पाच त्या हाताला. एकही फुटली नाही.

सव्वादोन. नीळकंठेश्वरा, माझ्या मायबद्दल मला एक खरी गोष्ट कळली. आठवण नव्हे, कुणाची हळहळ नव्हे, एक माप. माप तर माझ्या हातालाच आहे. आत्ता लिहिण्याच्या टेबलावर मी हात ठेवला आहे आणि बांगड्या वाजतायत. ज्या म्हातारीनं इतक्या हातांची मापं इतकी वर्षं बोटांत जपून ठेवली, तिच्या बोटांना थरथर लावू नकोस. तिला डोळ्यांचा त्रास आहे, सारखं पाणी येतं. तिचे डोळे सांभाळ. आणि तिच्या बोटांत अजून ज्यांची ज्यांची मापं आहेत, त्यांची लेकरं जिथं कुठं असतील, पुण्याला, मुंबईला, हैदराबादला, त्यांना एकदा तिच्या ओट्यापर्यंत आण. उशीर करू नकोस. ती थकली आहे.

पैसे तिनं थोरलीचे घेतले, माझे घेतले नाहीत. काकू तेवढ्यात आली आणि दोघी मग माझ्यावरून बोलत राहिल्या, मी तिथं नसल्यासारख्या. हिची आजी कशी भांडकुदळ, हिच्या अप्पाला लहानपणी कुत्रं कसं चावलं, हिच्या मायनं कुणाच्या लग्नात अख्ख्या पंगतीला पुरणाची पोळी कशी वाढली. मी ऐकत राहिले. हे माझ्या शेजारी उभे होते, हातात भाजीची पिशवी, आणि ती पिशवी खाली ठेवायचंही यांना सुचलं नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली. आज यांना माझं माहेर भेटलं. तुझे उपकार, देवा.

दुपारी धाकट्यानं हट्ट धरला. “हे तर आजीचं गाव. तुझं कुठंय?” मग रिक्षा करून जुन्या गावाशी गेलो.

तिथलं मी फार सांगत नाही. तेरणेच्या अंगाला वेड्या बाभळी माजल्यात. स्मृतिस्तंभापाशी झाडून घेतलेलं आहे; दर ३० सप्टेंबरला तिथं फुलं वाहतात, पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात. काकू दरवर्षी जाते, पण त्या आवाजाला अजून दचकते. आम्ही पाचही जण हात जोडून उभे राहिलो. जवळपास दहा हजार माणसं त्या पहाटे सगळ्या गावांतून मिळून गेली. ती संख्या मी शाळेत असताना पाठ केली होती, इतिहासाच्या सनावळीसारखी, म्हणजे ती टोचू नये. आज ती संख्या मी म्हटली नाही. मी तीनच नावं म्हटली.

बोळ शोधला. सापडला नाही. नदी या हाताला, वेस त्या हाताला, मग आमचं दार अमुक पावलांवर, असं मनातल्या मनात मोजत निघाले आणि काट्यांनी अडवलं. हे म्हणाले, पुढं नको. धाकटा मात्र इकडंतिकडं फिरत होता, आणि त्याला जमिनीत अर्धं रुतलेलं एक दगडी उखळ दिसलं. “आई, हे कुणाचं?” मला सांगता येईना. काकूलाही येईना, ती वाकून बघत राहिली, कडेवरून हात फिरवला, आठवायचा प्रयत्न केला. मग तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी त्या उखळात ओतलं. “चिमण्यांला,” म्हणाली. ऊन असं होतं की आम्ही वळेपर्यंत पाणी निम्मं झालं असेल.

महादेवा, त्या उखळात पाऊस साठव.

परत आलो तेव्हा पेठेत दिवे लागले होते. गंमत बघ, परतताना धाकटा पुढं चालत होता. तो काकूला सांगत होता, “आता सुशीलावालं हॉटेल येईल, मग खताचं दुकान, मग बांगड्यावाल्या आजी, मग आपण डावीकडं.” एका दिवसात त्याला वाट पाठ झाली. त्याच्या वाटेत भूकंप नव्हता. त्याच्यासाठी किल्लारी म्हणजे शेंगदाण्याचा कूट, मोटरसायकलींच्या मधून सरकत जाणं, आणि डावीकडं वळल्यावर येणारं घर. देवा, त्याला एक दिवस सगळं कळेल, थोरलीला थोडं कळलंच आहे. ते कळू दे. लपवायचं नाही, मी लपवून बघितलं आहे. पण आधी त्याची वाट पक्की होऊ दे. आधी त्याला इथं चार भांडणं करू दे, दोन जीवाचे मित्र मिळू दे, गुडघा फुटू दे. गावाचं नाव आधी त्याच्या जिभेवर खेळण्यातलं होऊन बसू दे. मग जड गोष्ट आली तरी त्याला ती पेलेल.

तुझ्याकडं माझं मागणं एवढंच होतं, पण आता बोलते आहे तर अजून एक. रात्री मला झोप लागत नाही, तू बघतोस. डोक्यावर स्लॅब आहे, भक्कम आहे, यांनी स्वतः वर जाऊन बघितला. तरी मुलं झोपली की मी उठून वर बघते. काकू सांगते, नवीन घरं मिळाली तेव्हा गावच्या गाव ओट्यांवर झोपायचं. भिंती पक्क्या, पण आत जायला कुणी धजेना. कुणी तर पत्र्याचं शेड मोडूच दिलं नाही, रात्रीपुरतं तिथं जायचे. आणि आदल्या वर्षी, १९९२ साली, दसरा-दिवाळीच्या सुमाराला जमीन गुरगुरायची, भांडी वाजायची; तेव्हाही लोक बाहेर झोपले होते. मग सवय झाली आणि सगळे आत गेले. त्या सवयीचं मला भय वाटतं. आणि सवयीवाचून माणसाला जगताही येत नाही, हेही मला कळतं. या दोन्हींच्या मधे मला कुठंतरी झोप दे, देवा. थोडी. पहाटे चारपर्यंतची नको, मी ती मागत नाही. चारनंतरची दे.

थोरली झोपायच्या आधी माझ्याजवळ आली होती. हातातल्या नव्या बांगड्या तिनं वर-खाली केल्या आणि म्हणाली, उद्यापासून दूध मी आणते. एकटी. मी काही बोलायच्या आत हे ‘हो’ म्हणाले. दूधवाल्याचं घर तिसऱ्या ओळीत आहे, अडीचशेच्या. काकूच्या मैत्रिणीचा नातू घालतो. सरळ जायचं, लिंबापाशी वळायचं. मी किटली घासून पालथी घालून ठेवली आहे.

नीळकंठेश्वरा, सहा वाजता ती निघेल. रस्ता तेव्हा मोकळा असतो, ओट्यांवर म्हाताऱ्या बसलेल्या असतात, मिश्री लावत. त्यांच्यातल्या एकीला तरी तिला हटकू दे. अनोळखी पोर बघून तिला हाताची खूण करू दे, जवळ बोलवू दे, तो प्रश्न विचारू दे. थोरली लाजेल, किटली या हातातून त्या हातात घेईल. तिला माझं नाव आठवेल, यांचं आठवेल. पण तिनं आज दिवसभर माझ्या अप्पांचं नाव दोनदा ऐकलं आहे. ते तिच्या तोंडी येऊ दे.